चुटकीची जागा

"दाजी, लई टकटक व्हती बघा त्यात. एक बी ठेवली नाय," असं म्हणत माझ्या मेहुण्यानं हार्ड डिस्क माझ्या हातात दिली. देताना चेहरा असा, जणू पेढ्यांचा पुडाच पुढं करतोय. माझी पत्नी जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी त्याला चहा दिला, आभारही मानले. राग आला तो मेहुणा गेल्यावर, फाइली ऐकायला बसलो तेव्हा. तो राग अजून गेलेला नाही.

पत्नी शाळेत भूगोल शिकवायची. निवृत्तीनंतर ती अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करू लागली. गावातलं एक लहानसं वाचनालय ती रेकॉर्डिंगं मुलांपर्यंत पोचवायचं. ती वर्षं दुष्काळाची होती. आमच्या कॉलनीत नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता, आणि मागच्या माळावर मात्र इमारतींवर इमारती उठत होत्या. दिवसभर कुठंतरी बोअर घेतली जात असायची. दुपारी ती यंत्रं जेवायला थांबली की पत्नी मागच्या खोलीत खिडकीला गोधडी लावून वाचायला बसायची.

रेकॉर्डर मेहुण्यानं दिलेला. पाचोडला लग्नाकार्यात लाउडस्पीकर लावत लावत तो शहरात आला आणि आता औरंगपुऱ्यात त्याचं साउंडचं दुकान आहे. त्यानं स्वतःजवळचं सगळ्यात चांगलं यंत्र उचलून आणलं होतं. "अक्काचा आवाज हाय, हलक्या मशीनवर कशाला?" म्हणाला होता. हे मी विसरलेलो नाही. पण त्यानं राग कमी होत नाही.

पत्नीचा एक नियम होता. वाचताना चूक झाली तरी रेकॉर्डिंग थांबवायचं नाही. माइकजवळ एक चुटकी वाजवायची आणि ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचायचं. नंतर संगणकावर आवाजाची रेघ उमटली की तिच्यात ही चुटकी बाभळीच्या काट्यासारखी उभी दिसायची. मी काटा शोधायचा, त्याच्या आधीचं चुकलेलं वाक्य काट्यासकट कापायचं. ती जास्त चुकायची नकाशांपाशी. ज्याला दिसत नाही त्याला नकाशा शब्दांत सांगायचा, म्हणून ती तो स्वतःच्या शब्दांत रचायची. मुलाला मनात रेघ ओढायला वेळ मिळावा म्हणून काही वाक्यं मुद्दाम दोनदा म्हणायची. तिथं चुटकी नसायची. चूक कुठली आणि मुद्दाम कुठलं, हे फक्त त्या चुटकीवरून कळायचं.

शेवटचं पुस्तक ती पूर्ण वाचून गेली. कापायचं राहिलं. माझ्यानं ते बरेच महिने उघडवलं नाही. शेवटी वाचनालयाचा निरोप आला की त्यांच्या छोट्या यंत्रांवर एवढ्या जड फाइली वाजत नाहीत, हलक्या करून द्या. मी डिस्क मेहुण्याकडे दिली.

मेहुण्याच्या रेकॉर्डरला एक सवय होती. लांब रेकॉर्डिंगचे ते आपोआप तुकडे पाडायचं. मेहुण्यानं प्रत्येक तुकडा वेगळा हलका केला. चालू आवाज मधेच तुटलेला, त्यामुळं जिथं एक तुकडा संपून दुसरा सुरू होतो तिथं 'टक्' वाजू लागलं. उपाय सोपा होता, मी तो नंतर वाचून काढला. सगळे तुकडे आधी मूळ रूपातच एकमेकांना जोडायचे, मग एका दमात हलके करायचे, आणि कापायचंच तर शांत जागा बघून. त्यानं काय केलं? टक् दिसला की पुसणारा फिल्टर सगळ्यावरून फिरवला, पूर्ण जोरात. सांध्यातले टक् गेले आणि तिच्या चुटक्याही गेल्या.

मी दुकानात गेलो. एक गिऱ्हाईक स्पीकरचा भाव करत होतं.

"मूळ फाइली कुठं आहेत?" मी विचारलं.

"त्या उडवल्या की. लई जागा खात व्हत्या. लग्नसराई चालू हाय, दाजी."

"आणि तिच्या चुटक्या?"

"कसल्या चुटक्या?"

मी सांगितलं. त्यानं ऐकलं, मग हसला. "मंग तुम्ही तरी त्या काढूनच टाकणार व्हते ना?"

"हो. चुकीसकट."

"म्हंजी अर्धं काम म्याच केलं म्हना की!"

"तू चुका ठेवल्यास आणि खुणा पुसल्यास."

"अक्का गेल्यापासनं तुम्ही लईच बारीक बघायलेत," तो गिऱ्हाइकाकडं बघत म्हणाला. गिऱ्हाईकही हसलं. मी उठलो.

घरी आल्यावर पुन्हा ऐकलं. "गोदावरी पठारावरून पश्चिमेकडे वाहते. गोदावरी पठारावरून पूर्वेकडे वाहते." दोन्ही त्याच शांत, वर्गातल्या आवाजात. डोळस माणूस नकाशा बघून हसेल आणि पुढं जाईल. ज्याला बघताच येत नाही त्यानं परीक्षेत काय लिहायचं? आयुष्यभर अचूक शिकवत आलेल्या बाईला तिच्या सख्ख्या भावानं स्वच्छतेच्या नादात बेभरवशाची करून टाकलं होतं.

मग मी ॲटलास आणि पाठ्यपुस्तक शेजारी घेऊन बसलो आणि एकेक वाक्य कानानं तपासलं. दोनदा आलेलं वाक्य दिसलं की थांबायचं. ही अडखळली होती, की मुलासाठी थांबली होती? काही जागी अजूनही खात्री नाही. तिथं मी दोन्ही ठेवली.

एका धड्यात टँकर आला होता. एरवी ती तेवढं थांबायची, त्या दिवशी थांबली नाही. हॉर्न, घागरींचा खणखणाट, "ओ मावशी, पाइप सोडा की!" आणि त्या सगळ्याच्या खाली किनारपट्टी सांगणारी ती. पश्चिम किनारा उजवीकडे म्हणाली. आणि चुटकी वाजली. फिल्टरला त्या गोंधळात ती सापडलीच नव्हती. शांत दुपारच्या सगळ्या चुटक्या पुसल्या गेल्या आणि ज्या टँकरला आम्ही शिव्या घालायचो त्याच्या आवाजात एवढी एक उरली.

त्याच आठवड्यात मेहुण्याचा फोन आला. "दाजी, वर्षश्राद्धाला अक्काचा आवाज लावू. मोठे स्पीकर आणतो."

"नको."

मग कसा कोण जाणे, मी त्याला त्या चुटकीबद्दल सांगितलं. "ती तेवढी येगळी काढून ठिवा," तो म्हणाला. "अजून राग हाय का?"

"आहे," मी म्हणालो.

फोन ठेवून मी पुन्हा कामाला बसलो. चुकलेलं वाक्य, त्यामागची चुटकी, सगळं निवडलं आणि कापलं. वेगळं काढून ठेवलं नाही. चूक कापायची तर चुटकीसकट, हा नियम तिचा होता, आणि निदान मी तरी तो पाळायला हवा होता. पुस्तक वाचनालयाला पोचलं आहे. पश्चिम किनारा डावीकडे आहे, आणि गोदावरी पूर्वेकडेच वाहते.