विनोदी आणि घरगुती
इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. त्याच आठवड्यात माझे यजमान आम्हा मायलेकींना घेऊन रियाधमध्ये बत्ह्याच्या बाजारात व्हिडिओ कॅसेटी घ्यायला गेले. दुकानात अत्तराचा आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास कोंडला होता. "रोना-धोना नहीं चाहिए, भाई. कॉमेडी दो, फॅमिलीवाली," ते दुकानदाराला म्हणाले. मी चक्रावले. बातम्यांपलीकडे टीव्ही न पाहणारा हा माणूस एकेक कॅसेट उलटून पाहत होता. "अहो, तुम्ही कधीपासून हसायला लागलात?" "लागेन आता." लेक खुदकन हसली, "पापा, ये भी लो!" म्हणाली. एवढ्या कॅसेटी घेतल्या म्हणजे आपण इथेच राहणार, असं मी मनाशी धरलं. घरी आल्यावर त्यांनी विमानाची तिकिटं माझ्या हातात ठेवली. दोनच होती. "आणि तुम्ही?" "कफील सोडत नाही. नोकरी त्याची, पासपोर्टही त्याच्याकडेच." "मग या कॅसेटी कुणासाठी?" "घरात माणसांचा आवाज नको का?" युद्ध संपलं, ते सुखरूप परतले, आणि कॅसेटींचं विचारायचं राहूनच गेलं. यंदा ते गेले. त्यांच्या कपाटात त्या कॅसेटी आहेत. एकीचंही वेष्टन फोडलेलं नाही.