ताईंचा बोलकेपणा

माझ्या थोरल्या साडूंइतका माणसं ओळखणारा माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत शोधून सापडणार नाही, असं खुद्द साडूंचंच ठाम मत होतं. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत नोकरीसाठी येणाऱ्यांच्या स्वभावचाचण्या घेणं हे त्यांचं काम. कंपनीने निवृत्त केलं, तरी चाचण्यांनी त्यांना सोडलं नाही. डोंबिवलीला त्यांच्या घरी गेलं की चहाच्या आधी प्रश्न सुरू. सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींचा नीटनेटकेपणा कमी भरला, तेव्हा गुरुजी प्रसाद न घेताच उठले. साडू त्यांच्यामागे जिन्यापर्यंत धावले. "अहो, हे नापास होणं नव्हे! शंभर माणसं ओळीने उभी केली तर तुमची जागा कुठे, एवढंच ते सांगतं. शेवटी उभा राहणारा काही वाईट नसतो!" त्यानंतर त्या घरची पूजा म्हटली की गुरुजींना हटकून ताप यायचा.

साडूंची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. आम्ही त्यांना ताई म्हणायचो. बोलकेपणात ताई त्या ओळीच्या अगदी शेवटी निघाल्या होत्या. "हिला माणसांचा त्रास होतो," असं म्हणत साडू लग्नकार्यांना एकटेच येत आणि दोघांच्या वाट्याचं बोलत. घरी ताई नुसत्या हसत.

गेल्या वर्षी ताई हार्ट अटॅकने अचानक गेल्या. बागेत त्यांच्याबरोबर सकाळी फिरणाऱ्या बायका भेटायला आल्या. साडूंनी त्यातल्या एकीलाही कधी पाहिलं नव्हतं. एक म्हणाली, "वहिनी गेल्या आणि बाग सुनी झाली हो. किती बोलायच्या! नकला करून तर हसवून हसवून बेजार करायच्या."

"कोण, आमची ही? कोणाच्या नकला?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी तीच हळूच म्हणाली, "तुमच्याच."

मला वाटलं, आता साडू चाचणीची बाजू मांडणार. पण ते म्हणाले, "उत्तरं तिने खरीच दिली होती. पण दिली ती या घरात, माझ्यासमोर बसून. इथे तिला मी बोलू कुठे दिलं?"

त्यानंतर त्यांनी कोणाची चाचणी घेतल्याचं ऐकलं नाही. परवा आमच्याकडे घोडबंदर रोडला आले होते. माझ्या बायकोला म्हणाले, "लहानपणी कशी होती गं ती? तू सांग, मी ऐकतो."

बायको सांगत राहिली, मध्येच रडली, पुन्हा सांगत राहिली. चहावर साय धरली. साडू एकदाही मध्ये बोलले नाहीत.