तिन्ही मापांचं एकमत

कुलूपकाकांनी जन्मभर लोकांची कुलपं उघडली, स्वतःच्या तोंडाला मात्र कायम कुलूप लावून ठेवलं. असा नवरा पदरात पडल्यावर बायकोला दोघांच्या वाटणीचं बोलावं लागणारच! काकू बोलायच्या, काका मान हलवायचे, आणि संसार झकास चालला होता.

एकदा मागच्या गल्लीतल्या कॉलेजात प्रयोगशाळेचं दार अडकलं. काकांनी ते उघडून दिलं, तर आतल्या मोजणाऱ्या बाईंची नजर थेट काकांच्या पोटावर. अंगातली चरबी मोजायच्या तीन पद्धतींपैकी कुठली जास्त खरी, हे त्यांना ताडून बघायचं होतं. त्यासाठी माणसं हवी होती, आणि काही महिन्यांनी तीच माणसं पुन्हा मोजायची होती. काका नाही म्हणायला तोंड उघडतील तर ना!

आधी चिमटा. दंडाची, पाठीची, कमरेची कातडी त्यात धरायची आणि जाडी वाचायची. मग वीज: पत्र्यावर अनवाणी उभं राहायचं, कळणारही नाही इतकी वीज अंगातून जाते. शेवटी पाणी. छातीतली सगळी हवा सोडून टाकीत बुडी मारायची आणि पाण्यातलं वजन घ्यायचं. चिमटा म्हणाला, शंभरात बावीस भाग चरबी. वीज म्हणाली अठ्ठावीस, पाणी म्हणालं पंचवीस.

घरी काकूंनी नवऱ्याच्या कमरेवरच्या पेनाच्या खुणा पाहिल्या आणि हसून हसून बेजार झाल्या. “तीन तिगाडा, काम बिगाडा! अहो, मला विचारायचं की!” असं म्हणत त्यांनी जाता जाता काकांच्या कमरेला नेहमीचा करकचून चिमटा काढला. “हे बघा. भरपूर आहे.”

“पुरे गं आई,” माहेरी आलेली मुलगी म्हणाली. लहानपणापासून ती हे बघत आली होती.

पुढच्याच महिन्यात काकू झोपेत गेल्या.

काका रडले नाहीत. भेटायला आलेल्यांना खुर्ची पुढे करत राहिले. आठवडा सरायच्या आत दुकान उघडलं आणि कानस चालवायला लागले. आतून सगळं बधिर झालं होतं. पण बधिरपणा काय कपाळावर लिहिलेला असतो? लोकांना शांत माणूस दिसला, आणि मुलीला दगड.

“बाबा, तुम्हाला खरंच काही वाटत नाही?”

काकांनी विचार केला आणि जे होतं ते सांगितलं. “काही कळत नाही.”

झालं! ती उठली ती आपल्या घरी गेली, आणि फोनही बंद झाले. उरलेलं एकुलतं एक माणूस हातचं चाललंय, हे काकांना दिसत होतं. तरी ते कानस चालवत राहिले.

दुसऱ्या मोजणीचा निरोप आला. टाकीत उतरायचं म्हणजे सोबत घरचं कुणीतरी हवं, अशी या वेळी नवी अट होती. काकांनी मुलीला फोन केला. ती आली, तोंड फुगवून. “हे शेवटचं. यापुढे मला बोलावू नका.”

काकांनी मान हलवली.

“दुखलं तर सांगा हं, काका,” चिमटा लावताना बाई म्हणाल्या. काका भिंतीकडे बघत राहिले. मग ते पत्र्यावर उभे राहिले, टाकीत उतरले. पाण्याखाली त्यांना बरं वाटलं. तिथं कुणी काही विचारत नव्हतं.

“पंधरा, एकवीस, अठरा!” बाई खुशीत होत्या. “चरबी किती आहे यावर तिघांचं अजून भांडणच. पण गेली किती? प्रत्येकात सात कमी! काका, मानलं तुम्हाला. काय व्यायाम केलात?”

“नाही,” काका म्हणाले. “बायको गेली.” दुकान आज बंद आहे, असं सांगावं तसं म्हणाले.

बाईंचा चेहरा पडला. मुलीनं बापाकडे पाहिलं. ते विजार सावरत पट्टा आवळत होते. पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली नवी भोकं होती, एकापुढे एक, वेडीवाकडी. आई असती तर एवढी भोकं पडू दिली असती का?

बाहेर व्हरांड्यात ती बापाच्या बाजूनं चालत होती. काय मनात आलं कोण जाणे, तिनं हात घातला आणि त्यांच्या कमरेला चिमटा काढला.

काका थांबले.

“इथं नाही,” ते म्हणाले. “ती जरा मागे काढायची.”

तिनं हात मागे नेला. तिथं चिमटीत धरायला काही उरलंच नव्हतं. हातात आला नुसता सदरा.

“बाबा, दुखलं?”

काकांचे ओठ हलले.

“दुखतंय गं,” ते म्हणाले, “फार दुखतंय,” आणि व्हरांड्याच्या पायरीवर मटकन बसले, लहान पोरासारखे हमसून हमसून रडायला लागले.

ती शेजारी टेकली. सदरा अजून तिच्या मुठीतच होता.