चिकट लागणारे जोड

वहिनीचा राग नाकावरच असतो, असं तिचा धाकटा दीर सगळ्यांना सांगत फिरे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण त्या दुपारचा राग नाकावरचा नव्हता, तळपायातून निघालेला होता.

दातांच्या डॉक्टरांची तीन मजली इमारत. हिशेब देऊन उरलेल्या कामाची वेळ ठरवायला ती आत गेली आणि बाहेर आली, तर भाऊजी शिडीवर! एका हातात बादली, दुसऱ्या हातात फडकं, आणि खाली शिडी धरायला कुणी नाही.

"खाली उतर!" ती ओरडली. शांत असली की ती दिराला तुम्ही म्हणे. चिडली की तुम्हीचं तू व्हायला वेळ लागत नसे.

"वहिनी, तीनच काचा राहिल्यात. वॉचमनने शिडी दिली म्हणून..."

"उतरतोस की मी येऊ वर?"

तो उतरला. वॉचमनही लांब सरकला.

या घराचा धंदा इमारतींच्या काचा धुण्याचा, पण हे लोक शिडीवर चढून धूत नसत. व्हॅनमधल्या टाकीत गाळून क्षार काढलेलं पाणी असे. ते पंपाने लांब नळीतून एका उंच पोकळ काठीत चढे आणि टोकाच्या ब्रशमधून काचेवर पडे. असल्या पाण्याचे डाग पडत नाहीत, त्यामुळे पुसायला वर जायचं कारण नाही. जमिनीवर पाय रोवून तिसरा मजला धुवावा. ही काठी काही हौसेने आणलेली नव्हती. चार वर्षांपूर्वी वहिनीचा नवरा, म्हणजे थोरला, शिडीवरून पडला आणि कंबर कायमची अधू करून बसला. तो इस्पितळातून घरी आला त्याच दिवशी तिने ती लाकडी शिडी करवतीने कापून काढली. या घरातलं माणूस पुन्हा शिडीवर चढणार नाही, एवढा एकच कायदा तिने केला होता, आणि तो आज मोडला होता.

मोडला कशामुळे, तर एका जोडामुळे. नळीचे दोन तुकडे जिथे जोडले जातात तिथे प्लास्टिकचं एक जाडजूड कडं असतं. ते मागे सरकवलं की जोड सुटतो. टेबलावर बसून बघायला फार सोयीचं. पण नळी इमारतीच्या कोपऱ्यावरून ओढली की भिंतीची धारच ते कडं मागे ढकलते आणि नळीची दोन टोकं दोन दिशांना जातात. आज तसंच झालं. दोघंही मागच्या बाजूला होते, कळेपर्यंत अख्खी टाकी डॉक्टरांच्या गाड्यांखालून वाहून गेली. साध्या पाण्याचे डाग पुसावे लागतात, म्हणून भाऊजी बादली आणि फडकं घेऊन शिडीवर चढले.

आणि हे जोड निवडले होते थोरल्याने. घरबसल्या धंद्यातलं तेवढंच काम त्याच्या हातात उरलं होतं. दुकानातून नमुने मागवायचे, पारखायचे, नळ्या कापून बसवायच्या. बसवून झाले की तो प्रत्येक जोड कानाशी धरून खट् वाजतो का बघे आणि खूश होई. वहिनीला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं की हे जोड टिकणार नाहीत. पण सांगायचं कोणत्या तोंडाने? चार महिने ती रोज सकाळी गल्लीचं वळण ओलांडलं की व्हॅन थांबवी, कड्यांवर चिकटपट्टी गुंडाळी आणि संध्याकाळी त्याच वळणावर सोलून काढी. "जोड चिकट का लागतात गं?" असं त्याने दोनदा विचारलं. झाडाचा चीक लागला असेल, असं तिने ठोकून दिलं. आज पट्टी संपली होती, एवढंच.

घरात शिरताच तिने पिशवी आणि नळीचं वेटोळं टेबलावर आदळलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. भाऊजींची अक्कल, वॉचमनचा आगाऊपणा, डॉक्टरांचं घड्याळ, कुणालाही सोडलं नाही. धाकटा दारात मान खाली घालून उभा होता.

थोरला आधी भावावरच भडकला. "माझी कंबर रोज बघतोस ना? तरी चढलास?" आणि टेबलावर मूठ आपटली. त्या हादऱ्याने पिशवीतून एक रीळ निघालं आणि घरंगळत त्याच्या हाताशी येऊन थांबलं. कोरी करकरीत चिकटपट्टी. येताना वाटेत घेतलेली.

त्याने ती उचलली, नळीवरचा एक जोड घेतला, कड्यावरून अंगठा फिरवला. अंगठा चिकटला.

"झाडाचा चीक," तो म्हणाला.

वहिनी पिशवी आवरू लागली.

"किती दिवस?"

"चार महिने," धाकटा पुटपुटला.

"तुला विचारलं नाही!" मग तो बायकोकडे वळला. त्याचा आवाज एवढा चढलेला तिने लग्नानंतर कधी ऐकला नव्हता. "मला वाईट वाटू नये म्हणून? माझं मन जपायला माझ्या भावाला शिडीवर चढवलंस? कंबर गेली माझी, डोकं नाही गेलं! आणि आजचं एवढं होऊनही नवीन रीळ आणलंस. म्हणजे उद्या पुन्हा तेच!"

रीळ घेताना तिने विचारही केला नव्हता. सवयीने हात पुढे गेला होता. स्वतःचीच अशी चीड तिला कधी आली नव्हती.

"ओढ," तो म्हणाला. नळीचं एक टोक त्याने तिच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि मधला जोड दाराच्या चौकटीला टेकवला. तिने ओढलं. कडं चौकटीला अडलं आणि जोड सुटला. थोरल्याने दोन्ही तुकडे निरखून पाहिले. त्याने हे जोड नेहमी सरळ नळीतच पाहिले होते, कोपऱ्यावर एकदाही नाही.

मग त्याने नमुन्यांच्या डब्याच्या तळातून जड म्हणून बाजूला टाकलेला पितळी जोड काढला. गुळगुळीत, बारीक, फिरवून आवळायचा. तो बसवला. खुर्चीत मागे रेलून नळी मनगटाला गुंडाळली.

"ओढ."

तिने ओढलं. जोड चौकटीवरून सरकत गेला, कुठे अडला नाही.

"हे पुन्हा तेच!" तो ओरडला. "जपून ओढतेस! भिंत काय मला बघून जपणार आहे?"

"अहो, तुमची कंबर..."

"कंबरेचं नाव काढू नकोस. आलीस तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतंस ना? तेवढ्या रागाने ओढ."

तिने पाय रोवले आणि दिवसभराचा सगळा राग हातात आणून ओढलं. खुर्ची वीतभर फरफटली. त्याचा चेहरा वेदनेने पिळवटला. जोड सुटला नाही, आणि त्यानेही नळी सोडली नाही.

"आता दुसरा जोड," तो म्हणाला.