उघड्या गाडीत कानाशी आलेलं गाणं

परत तेच ना, बबनदादा? भजनाला स्पीकरचे मोठे बॉक्स आणायचे आणि तोंड सावित्री नदीकडे करायचं! म्हणे, "पलीकडच्या वाडीला कळायला नको काय रे?" अहो, देवळात बसून माझ्या बाबांना अभंगातला एक शब्द कळत नाय. म्हणून भजनाला जायचं सोडलंय त्यांनी.

मंडळी, मी शारजात गाड्यांना साउंड बसवतो. आज छत उघडणारी गाडी आली. मालकाला आवाज एक नंबर पाहिजे, पण स्पीकर दिसता कामा नये.

उस्तादने, म्हणजे आमच्या गॅरेजच्या मुख्य कारागिराने, आधी काहीच खोललं नाय. छत उघडून गाडी पळवली, वारा गाणं कुठे खातो ते बघितलं. मग दोन छोटे स्पीकर माझ्या डोक्यामागे ठेवून परत पळवली.

आईशप्पथ! एवढ्या वाऱ्यात गाणाऱ्याचा श्वास ऐकू आला.

"आवाज मोठा नको, ऐकणाऱ्याच्या जवळ पाहिजे," उस्ताद म्हणाला.

दादा, देवळाच्या खांबांना छोटे स्पीकर लावा, म्हातारी माणसं टेकून बसतात तिथेच. पलीकडच्या वाडीला प्रसादाला बोलवा, कळेल त्यांना.

तुमच्या गावात पण बॉक्सचं तोंड बाहेरच असतं का?

आणि दादा, मोठ्या बॉक्सला माझ्या वर्गणीचा एक रुपया नाय. खांबावरच्या स्पीकरला बारा हजार पाठवतोय.