ऑपरेटरबाईंची पर्स

आईशी मी फारसं खोटं बोलले नाही, पण पहिली चामड्याची पर्स घरात आणली तेव्हा बोलले. तिनं दारातच विचारलं, "कातड्याची हाय का गं?"

"नाही, रेक्झिनची," मी म्हणाले आणि आत गेले.

चिंचवडच्या एका कंपनीत टायपिस्ट म्हणून लागून मला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. वडील फाउंड्रीत शिफ्टमध्ये होते. पिंपरीत चाळीतल्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. ऑफिसात आम्ही सगळ्या मिळून सात-आठ बायका. बहुतेक जणी पुण्याहून कंपनीच्या बसनं यायच्या आणि त्यांच्या खांद्याला चामड्याच्या पर्सा असायच्या. माझ्याकडे कापडी पिशवी. तिचं मला काही वाटत नाही असं मी स्वतःला बजावायचे, पण पिशवी टेबलाखाली पायाशी ठेवायचे.

आमच्या घरात चामडं नव्हतंच. वडील कंपनीचे जाड बूट कंपनीतच ठेवून यायचे, येताना पायात रबरी चपला. आईचे वडील चाकणच्या पुढच्या एका गावात मेलेली गुरं ओढायचे, कातडी सोलायचे. आम्ही बौद्ध झालो त्या सुमाराला त्यांनी आणि सगळ्या भावकीनं ते काम टाकलं. आईनं मला एवढंच सांगितलं होतं. त्यापुढे विचारलं की ती उठून दुसऱ्या कामाला लागायची.

त्यामुळे पर्स मी पत्र्याच्या ट्रंकेत, गोधडीच्या खाली ठेवली. कामावर जाताना काढायची, आल्यावर परत तिथंच. पावसाळ्यात चार दिवस तापानं घरी पडले. पाचव्या दिवशी ट्रंक उघडली तर पर्सवर पांढरी-हिरवी बुरशी धरली होती. पट्ट्यावर, झाकणावर, शिवणीच्या आतसुद्धा. मला रडूच आलं. कपड्याच्या साबणानं घासून उन्हात टाकावी असं मनात आलं होतं, पण स्टेशनबाहेर चपला शिवायला बसणारे एक मामा होते, त्यांना आधी दाखवू म्हटलं.

त्यांनी पर्स हातात फिरवली. "साबण लावला न्हाई ना?"

"नाही."

"मग वाचली. ऊन दाखवू नका ताई, तडकंल. बुरशी घराबाहेर झटका, सुक्या फडक्यानं. मग फडकं पिळून नुसतं ओलसर करा, त्यानं पुसा. दोन दिस सावलीत वारं लागू द्या. आन् मग एरंडेल घ्या, त्यात मेणाचा खडा वितळवा. बोटाला घेऊन थोडं थोडं जिरवायचं. एकदम थापायचं न्हाई."

"एवढं तेल पितं?"

"कातडं हाय. तेल न्हाई मिळालं की मरतं ते, दुसऱ्यांदा."

सुट्टीच्या दिवशी आई बाजाराला गेली की मी मागच्या गॅलरीत बसायचे. वडिलांच्या जुन्या धोतराचं फडकं, दातांचा वापरून झालेला ब्रश, मेणतेलाची पत्र्याची डबी. तीन आठवड्यांत पर्स पूर्वीपेक्षा देखणी झाली. ओढलेली, पांढरट झालेली कड बोटाखाली हळूहळू गडद व्हायची, मऊ पडायची. टायपिंगमध्ये मला तसा आनंद कधी मिळाला नव्हता. टाइप केलेलं पत्र साहेबाच्या सहीनं जायचं. हे माझं होतं.

ऑफिसात ते कुणाच्या तरी लक्षात आलं. आधी स्टेनोबाईंनी विचारलं. मोठ्या साहेबांच्या स्टेनो, सगळ्यांत टापटीप, बोलायला गोड. त्यांच्या पर्सवर शाईचा डाग होता. तो पुरता गेला नाही, पण फिका झाला. मग एकेक पर्स माझ्याकडे येऊ लागली. पैसे मी घेतले नाहीत, कुणी देऊही केले नाहीत. पर्स घेताना त्या माझ्या टेबलाशी येऊन बसायच्या, गप्पा मारायच्या, डबा उघडून पुढं करायच्या. मला तेवढं पुरे होतं. फार होतं, खरं सांगायचं तर.

शेवटी ऑपरेटरबाईंनी त्यांची पर्स दिली. त्या टेलिफोनच्या बोर्डावर बसायच्या, पन्नाशी उलटून गेलेली, सांगवीला एकट्या राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. पर्स नवऱ्यानंच घेऊन दिलेली. इतकी वर्षं त्या तिला बुटाचं पॉलिश लावत आल्या होत्या. थरावर थर चढून चामडं काळंकुट्ट, चिकट झालं होतं, साडीला डाग पडायचे.

"होईल का गं काही?" त्यांनी विचारलं.

"होईल. पण वेळ लागेल," मी म्हणाले.

ते पॉलिश उतरवायला स्पिरिटच लागणार होतं. एका सुट्टीच्या दिवशी बसून मी कापसाच्या बोळ्यानं थर उतरवले. खालून सुंदर तपकिरी रंग निघाला. स्पिरिटनं चामडं कोरडंठाक पडतं, त्यामुळे लगेच तेल द्यायला हवं होतं. पण डबीतलं संपलं होतं, दुकान बंद होतं. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना घेऊ म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बायकांच्या खोलीत हात धुवायला गेले. मध्ये लाकडी पार्टिशन होतं, पलीकडे बाकीच्या बायका डबे खायला बसायच्या. स्टेनोबाईंचा आवाज आला.

"काय सुरेख करते नाही पर्सा!"

दुसरी कुणी काहीतरी म्हणाली.

"जमणारच," स्टेनोबाई म्हणाल्या. "पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे ते त्यांच्यात. हातातच असतं."

आणि हसू. एकीचं की दोघींचं, कळलं नाही. मी नळ बंद न करताच बाहेर आले. संध्याकाळपर्यंत काय टाइप केलं ते आठवत नाही. एका पत्रात तारीखच चुकली म्हणून साहेब ओरडले तेवढं आठवतं.

तेल मी आणलं नाही. घरी येऊन डबी, ब्रश, फडकं, सगळं उचलून उकिरड्यावर टाकलं आणि मोरीत जाऊन रडले. आईनं थोडा वेळ जाऊ दिला, मग दाराशी येऊन उभी राहिली.

"कोन काय बोललं?"

मी सांगितलं. पर्सांचंही सांगितलं. रेक्झिनचंसुद्धा.

"रेक्झिनला असला वास येत न्हाई," आई म्हणाली. "पयल्या दिशीच कळलं व्हतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

ती खाली बसली, भिंतीला टेकून. पदर चाळवत म्हणाली, "म्या दुसरीतून शाळा सोडली, म्हाईत हाय ना तुला?"

"हो. घरात काम होतं म्हणून."

"काम नव्हतं. बाप पडवीत कातडी वाळत घालायचा. एकच परकर व्हता मला. रोज भामा नदीच्या पाण्यात धुयाची, राख लावून, दोन दोन येळा. आमाला व्हरांड्यात बशीवत. तिथनंबी पोरं नाकाला हात लावायची. म्हनायची, आली बघा. एक दिस म्या घरी आले ती परत गेलेच न्हाई. बापानं इचारलं तर म्हनलं, डोकं दुखतंय. त्याला कसं सांगू, तुझ्या कामाचा वास येतो म्हून? त्याला काय हौस व्हती?"

इतकी वर्षं आईच्या अंगाला ज्या साबणाचा वास यायचा, दिवसातून दोनदा अंघोळ, पाहुण्याकडे जाऊन आल्यावर पुन्हा कपडे धुणं, ते सगळं माझ्यासमोर येऊन उभं राहिलं.

ऑपरेटरबाईंची पर्स खिडकीत वाळत होती. आईनं तिच्याकडे पाहिलं. "ही?"

"उद्या देऊन टाकते."

"झाली का?"

"नाही."

आई उठून स्वयंपाकाला लागली. ती काही बोलली असती तर कदाचित मी थांबले असते, असं पुढे मी कित्येकदा मनात आणलं. पण ते तिच्यावर ढकलण्यात अर्थ नाही. मला कळत होतं मी काय करतेय. पार्टिशनपलीकडे ऑपरेटरबाईही होत्या, त्याही हसल्या असणार, असं मी धरून चालले होते. सकाळी कोरडी पर्स वर्तमानपत्रात गुंडाळली, त्यांच्या बोर्डावर ठेवली आणि म्हणाले, "एवढंच होण्यासारखं होतं."

त्यांनी कागद उलगडला. "रंग किती छान निघाला गं," त्या म्हणाल्या. मी वळून निघून आले.

उन्हाळ्यात ती पर्स तडकली. आधी झाकणाच्या घडीवर बारीक रेघा, मग पट्ट्याच्या मुळाशी, मग सगळीकडे, तळ्यातला गाळ वाळून भेगाळतो तशी. बाई ती रोज आणायच्या. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. जिन्यात भेटल्या तर हसायच्या, आणि माझी नजर पर्सवर जायची. मी जिना टाळायला लागले, मागच्या दारानं जाऊ लागले.

दुसऱ्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. कँटीनमध्ये छोटासा निरोप समारंभ होता. साहेबांनी भाषण केलं, हार घातला. भेटीचं पाकीट पर्समध्ये ठेवायला गेल्या आणि पट्टा अडकवायचा कान मुळातून तुटला. चष्मा, कंगवा, औषधाची पुडी, सुटे पैसे, सगळं फरशीवर. लोक हसले, वाईट हेतूनं नव्हे. मी गुडघ्यांवर बसून वेचलं. त्यांच्या हातात देताना वर बघवलं नाही.

त्या सुट्टीला मी सांगवीला निघाले. आई म्हणाली, "म्याबी येते."

"तू कशाला?"

"त्यांच्या दारात एकटी नको जाऊस."

बसनं दापोडी, तिथून चालत. नवं तेल, मेण, फडकी असं सगळं पिशवीत होतं. ऑपरेटरबाईंनी दार उघडलं, आम्हाला बघून गोंधळल्या, मग आत घेतलं. चहा टाकला. आईचं सगळं लक्ष कपांकडे होतं. कप तिघींचे सारखेच होते. तरी तिनं पहिला घोट बाईंनी घेतल्यावरच घेतला.

मी म्हणाले, "बाई, पर्स मी मुद्दाम अर्धी दिली होती. तेल न लावता. मला माहीत होतं ती तडकणार."

त्यांनी कप खाली ठेवला. "मलाही माहीत होतं, तू का दिलीस ते. त्या दिवशी मी तिथं होते."

आई ताठ झाली.

"मी हसले नाही," बाई म्हणाल्या. "पण बोललेही नाही. नळ चालूच राहिला म्हणून डोकावले, तर तू बाहेर पडताना दिसलीस. नंतर तुझ्याकडे यायचं धाडस झालं नाही. पर्स तडकली तेव्हा म्हटलं, बरोबर आहे."

"बोलायचं व्हतं तुमी," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुमचं वय व्हतं, मान व्हता. तिचं काय व्हतं तिथं?"

"हो. बोलायला हवं होतं," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले. आईनं त्यांना समजावलं नाही. ती उठून अंगणात जाऊन उभी राहिली.

मी पर्स मांडीवर घेतली. तेल कोमट केलं आणि बोटानं एकेक भेग भरायला लागले. दुपार झाली. बाई शेजारी बसून राहिल्या, फडकं हवं तेव्हा देत. चामडं मऊ झालं, रंग उतरला होता तो परत आला, पण भेगा मिटल्या नाहीत. तडकलेलं चामडं पुन्हा सांधत नाही, हे मी त्यांना सांगितलं. जपायचं कसं तेही सांगितलं: आत कागद भरून ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको, सुती कापडात, दर दोन महिन्यांनी थोडं तेल. तुटलेला कान शिवायला पर्स मी बरोबर आणली आणि मामांकडून शिवून घेऊन पुढच्या आठवड्यात पोचवली.

परतताना दापोडीला पोचलो. बस यायला वेळ होता. आई म्हणाली, "चांगली बाई हाय. पर मला तिचा राग गेला न्हाई."

"माझाही," मी म्हणाले. माझा राग कुणावर होता, ते मात्र मला नीट सांगता आलं नसतं.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी स्टेनोबाई माझ्या टेबलाशी आल्या. नवी पर्स घेतली होती, तिच्यावर पाणी सांडून डाग पडला होता. "तुझ्याशिवाय कोण करणार?" त्या हसून म्हणाल्या.

मी टायपिंग थांबवलं. "माझ्या आजोबांना ते काम करावं लागायचं बाई. माझ्या आईची शाळा त्या वासानं सुटली. आम्ही ते सोडलं. पर्सांचं मला कुणी वारशात दिलेलं नाही, मी स्टेशनबाहेर बसून शिकले. तुम्हीही शिकू शकता, मामा अजून तिथंच बसतात."

सगळे टाइपरायटर थांबले. स्टेनोबाईंचा चेहरा लाल झाला. "मी कधी काय म्हटलं?" त्या म्हणाल्या. जरा वेळानं पलीकडच्या टेबलावरून पुन्हा टकटक सुरू झाली.

पुढचे कितीतरी दिवस मी डबा एकटीच खाल्ला. मग दुसऱ्या सेक्शनला बदली मागून घेतली. तिथं मशिनचा आवाज मोठा होता आणि मला कुणी पर्स आणून दिली नाही.