आठ नंबरचा डावा पाय

माझा डावा पाय नागपुरात प्रसिद्ध होता. स्वतःच सांगते, लाजायचं कशाला! चढाईला गेले की समोरच्या पोरी माझ्या हातांकडे बघायच्याच नाहीत, सगळ्यांचे डोळे त्या पायावर. तरी लाथ बसायचीच. त्याच पायाच्या जोरावर मला खेळाडू म्हणून सरकारी नोकरी लागली. आणि हा पाय मी एका फोटोवरून शिकले होते.

बाबा गांधीबागेत कापडाच्या दुकानात कामाला होते. मी सहावीत असताना त्यांनी वर्तमानपत्राचं एक कात्रण आणून दिलं. राज्याच्या कबड्डी संघातली खेळाडू, बनियनवर इंग्रजी आठ नंबर, आणि डावा पाय हवेत, समोरचीच्या छातीपर्यंत गेलेला. झालं, तेव्हापासून तीच माझी देवी. तिला खेळताना कधी पाहिलं नव्हतं. टीव्हीवर तेव्हा बायकांची कबड्डी कोण दाखवणार? मी जन्माची उजवी, पण ती डाव्यानं मारते म्हटल्यावर आपणही डाव्यानंच. आमचे सर कपाळावर हात मारून घ्यायचे. "पोरी, देवानं उजवा पाय कायले देला तुले?" मी कुठली ऐकते! दोन वर्षं रोज सकाळी भिंतीवर खडूनं रेघ मारायची आणि डाव्या पायाची बोटं तिथवर पोचवायची. गुडघे फोडून घेतले, पण पाय वळवला.

आता हा पाय लेकीला द्यायचा होता, आणि लेक घ्यायला तयार नव्हती. ती सतरा वर्षांची आहे, प्रताप नगरात आमच्या घरामागच्या मैदानावर खेळते. "आई, मले उजवाच जमते. तू काहून डाव्याच्या मागं लागून राहिली?" असं रोजचं चाललेलं. गेल्या हिवाळ्यात तर तिनं सरळ सांगितलं, डाव्याचा हट्ट सोड, नाहीतर मी कबड्डीच सोडते. माझं डोकं फिरलं. मी ओरडले, तिनं दार आपटलं, दोन दिवस घरात अबोला.

त्याच आठवड्यात कळलं, की शहरातल्या एका स्पर्धेत अंतिम सामन्याआधी जुन्या खेळाडूंचा प्रदर्शनी सामना आहे आणि त्यात माझी आठ नंबर येणार आहे. मी लेकीला म्हटलं, "एकदा तिचा पाय डोळ्यानं पाह्य. मग तू म्हणशील तसं."

"नक्की?"

"नक्की." इतकी खात्री होती मला.

कात्रण प्लास्टिकमध्ये घालून पर्समध्ये ठेवलं आणि आम्ही दोघी पहिल्या रांगेत जाऊन बसलो. ती मैदानात आली. केस पांढरे, अंग सुटलेलं, एका गुडघ्याला पट्टा. पण मध्यरेषा ओलांडताना ती वाकली आणि माझ्या अंगावर काटा आला. तोच वाक, तीच नजर. कोपऱ्यातली बाई जरा पुढे सरकली आणि खाडकन लाथ बसली.

उजव्या पायाची.

चुकून झालं असेल, म्हटलं. दुसऱ्या चढाईत पुन्हा उजवा. तिसऱ्या चढाईतही उजवाच. लेक ओठ दाबून बसली होती, शेवटी फुटलीच. "आई वं, तुझी देवी तं उजवी निघाली!" मला मात्र रडू यायचंच बाकी होतं.

सामना संपला तशी मी उठले, गर्दीत घुसले आणि थेट तिच्यापुढे कात्रण धरलं. नमस्कार वगैरे राहूनच गेला. "ताई, तुमचा डावा पाय कुठं गेला?"

तिनं चष्मा लावून पाहिलं आणि हसत हसत खुर्चीत बसली. "अगं बाई, हा फोटो उलटा छापला होता! हे बघ, पट्टा मी पहिल्यापासून डाव्या गुडघ्याला बांधते, इथं उजव्याला दिसतोय. तेव्हा आम्ही सगळ्या दोन दिवस हसत होतो."

इंग्रजी आठ उलटा छापला तरी आठच दिसतो. मला कळणार कसं, कपाळ!

"पण तू खरंच डाव्यानं मारायचीस?" तिनं विचारलं. "माझ्या सरांनी तीन वर्षं जीव काढला, मला डावा शेवटपर्यंत जमला नाही. तुला कोणी शिकवला?"

"तुम्हीच," मी म्हटलं.

ती हसायची थांबली. खुर्चीवरून उठली. "दाखव बरं."

मी पर्स लेकीच्या हातात दिली, ओढणी कमरेला गाठ मारून बांधली. पन्नाशी जवळ आली आहे, पाय वर जाईल की नाही याची धाकधूक होती. ती समोर उभी राहिली, हात पसरून, पकडीच्या तयारीत. मी एक पाऊल पुढे टाकलं, वळले आणि डावा पाय सोडला. बोटं तिच्या खांद्याला हळूच लागली. ती मोठ्यानं म्हणाली, "बाद! मी बाद!" आणि स्वतःच टाळ्या वाजवायला लागली.

गाडीवरून परत येताना लेक मागं बसली होती. सिग्नलला थांबलो तेव्हा मीच म्हटलं, "बोलली होती ना मी? उद्यापासून तू उजव्यानं मार."

"अन् डावा?"

"डावा माझा हाये," मी म्हटलं. "तो तुले नाही देत."